पासबुकात सगळं आहे, फक्त पेन्शन नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या पगारातून पीएफ कापला जातो त्यांनी, आणि ज्यांच्या घरात असा एक तरी माणूस आहे त्यांनी, शेवटपर्यंत वाचा. पाच-दहा मिनिटं जातील. त्या बदल्यात कुणाची तरी दोन-अडीच हजारांची पेन्शन वाचली तर वाईट काय?

आधी एक साधा प्रश्न. तुमच्या पेन्शनसाठी आजवर नोकरीची किती वर्षं धरली गेली आहेत? पीएफ किती जमलाय ते विचारत नाही. घर बांधायला काढलं किंवा पोरीचं लग्न ठरलं की तो आकडा आपण बघतोच. मी विचारतोय पेन्शनची वर्षं. आणि त्याच्या पुढचा प्रश्न: वयाच्या ५८ व्या वर्षी महिन्याला किती रुपये हातात पडणार?

आजऱ्यात एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालत जा आणि भेटेल त्या नोकरदाराला हे दोन प्रश्न विचारा. साखर कारखान्यातला कामगार, सूतगिरणीतला, एसटीचा ड्रायव्हर, पतसंस्थेतला क्लार्क, दूध संघाचा माणूस, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या एमआयडीसीत जाणारा पोरगा. "काय की बा, तिथं लिहिलेलं असतंय की," एवढंच उत्तर येईल.

तिथं लिहिलेलं नसतंय. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

पासबुकात काय दिसतं?

ईपीएफओचं पासबुक उघडा. दर महिन्याची एक ओळ. त्यात तुमचा पगार (म्हणजे बेसिक अधिक महागाई भत्ता), आणि पुढं तीन रकाने: तुमचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा.

हिशोब असा आहे. बेसिक आणि डीए मिळून १५,००० असेल तर तुमच्या पगारातून १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये जातात. मालकही १,८०० भरतो. पण मालकाचे सगळे पैसे पीएफमध्ये पडत नाहीत. त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, पेन्शन योजनेत वळतात आणि उरलेले ५५० तुमच्या पीएफमध्ये येतात. पगार १५,००० च्या वर कितीही असला तरी पेन्शनचा हिस्सा साधारणपणे १,२५० वरच थांबतो, कारण १ सप्टेंबर २०१४ पासून पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १५,००० आहे. त्याआधी ती ६,५०० होती.

पहिल्या दोन रकान्यांवर व्याज मिळतं. २०२३-२४ ला ८.२५ टक्के मिळालं. तिसऱ्या रकान्यावर दमडीचं व्याज नाही. तो आकडा नुसता साचत जातो, आणि माणसाला वाटतं ही आपली पेन्शनची शिल्लक. लाख-सव्वालाख दिसले की काढून मोकळं व्हावंसं वाटतं.

तो आकडा तुमची पेन्शन ठरवतच नाही! पेन्शन ठरते एका सूत्रानं: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र नोकरीची वर्षं, भागिले ७०. पेन्शनपात्र पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. ३५ वर्षं नोकरी झाली तर सत्तरचा अर्धा, म्हणजे निम्मा पगार पेन्शन. २० वर्षं पूर्ण केली तर सूत्रात दोन वर्षं जास्तीची धरतात.

आता हे सूत्र पासबुकात शोधा. सापडणार नाही. धरलेली वर्षं शोधा, सरासरी पगार शोधा, ५८ व्या वर्षाची अंदाजे रक्कम शोधा. यातलं काहीही पासबुकाच्या पानावर नाही. तुमच्याकडून किती घेतलं ते पैशापैशानं छापलंय. तुम्हाला किती द्यायचंय त्याबद्दल चकार शब्द नाही.

पूर्वी मालकामार्फत वर्षाची कागदी स्लिप यायची, फॉर्म २३. तिच्यातही पेन्शन किती मिळणार हे नसायचं. कागद जाऊन ॲप आलं, पण मौन तसंच राहिलं.

उसाचा काटा आणि आयुष्याचा काटा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला हिशोब कळत नाही, असं कुणी म्हणू नये. उसाची गाडी काट्यावर चढली की दहा डोळे त्या आकड्याकडे असतात. काटामारीच्या संशयावरून इथं कारखान्यांवर मोर्चे गेलेत. एफआरपीचे तुकडे करून देतो म्हटलं की रस्ते अडवलेत. रिकव्हरी पॉइंटात कितीनं कमी दाखवली, हे चौथी शिकलेला शेतकरी तोंडपाठ सांगतो. घनसाळ तांदूळ असो नाहीतर काजू बी, भाव ठरवताना आपण घासाघीस केल्याशिवाय पिशवी सोडत नाही.

तोच माणूस, नाहीतर त्याचाच भाऊ, त्याच कारखान्यात हंगामी कामगार म्हणून पंधरा-वीस वर्षं राबतो आणि पेन्शनच्या काट्याकडे एकदाही बघत नाही. का? कारण उसाच्या काट्याची पावती मिळते. वजन, तारीख, गाडी नंबर, सगळं तिच्यावर असतं. पेन्शनच्या काट्याची पावतीच मिळत नाही. पावती नसली की भांडायचं कशावरून?

आणि हंगामी कामगाराचं यात किती नुकसान होऊ शकतं, ते जरा सविस्तर सांगतो. माझ्या मते या पोस्टमधला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

हंगामी कामगारांनो, हे नीट वाचा

समजा एक कामगार २०१४-१५ च्या गळीत हंगामात कारखान्यात लागला. दर हंगामात पाच महिने काम. पेन्शनपात्र पगार १२,०००. असे १२ हंगाम झाले. पासबुकात त्याच्या ६० ओळी दिसतात. साठ महिने म्हणजे पाच वर्षं. पेन्शनला किमान १० वर्षं लागतात. म्हणजे आपल्याला पेन्शन नाही, असा हिशोब तो स्वतःच करतो. पेन्शनच्या रकान्यात साठेक हजार दिसतात. कुणीतरी सांगतं, "अरे दहा वर्षं होत नाहीत तुझी, फॉर्म १०सी भर आणि काढून घे." तो काढतो. विषय संपला.

पण योजनेत काय लिहिलंय? कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये स्पष्ट म्हटलंय की हंगामी कामगारानं एखाद्या वर्षात प्रत्यक्ष केलेलं काम वर्षभरापेक्षा कमी असलं, तरी ते पूर्ण एक वर्ष धरायचं. पाच महिन्यांचा हंगाम म्हणजे पेन्शनसाठी एक अख्खं वर्ष!

मग त्या कामगाराची नोकरी पाच वर्षं नाही, बारा वर्षं झाली. १२,००० गुणिले १२ भागिले ७० म्हणजे महिन्याला २,०५७ रुपये. वर्षाला साडेचोवीस हजारांच्या वर, आणि तेही मरेपर्यंत. त्याच्या माघारी बायकोला त्याच्या निम्मी पेन्शन, जी हजाराच्या खाली जात नाही. जे साठेक हजार त्यानं एकरकमी उचलले, तेवढे अडीच वर्षांत पेन्शनमधून आले असते. पुढची सगळी वर्षं गेली ती गेलीच.

यात कुणी चोरी केली नाही, खोटी सही केली नाही. एक नियम त्या माणसापर्यंत पोचला नाही, बस्स. पासबुकात "तुमची पेन्शनपात्र वर्षं: १२" एवढी एक ओळ असती तर तो १०सी भरायला गेला असता का?

आणखी एक. हंगाम संपल्यावर काही कामगारांना रिटेन्शन भत्ता मिळतो. पीएफ कायद्यात वर्गणी बेसिक आणि डीएबरोबर या भत्त्यावरही आहे. तो कायद्याच्या कलमात नाव घेऊन लिहिलाय. तुमच्या पासबुकात बिगरहंगामाच्या महिन्यांची ओळ आहे का, बघा. नसेल तर टाइम ऑफिसात जाऊन विचारा. भीक मागत नाही आपण, हिशोब विचारतोय.

"वेबसाइटवर सगळं आहे की!"

हे उत्तर मला माहिती आहे. साहेब लोक म्हणतात, वेबसाइटवर पेन्शन कॅल्क्युलेटर आहे, ॲप आहे, सदस्यानं स्वतः बघावं.

बघितलं. त्या कॅल्क्युलेटरला जन्मतारीख, नोकरीच्या तारखा, पगार, सगळं तुम्हीच भरून द्यायचं. म्हणजे जी माहिती त्यांच्या दप्तरात आहे, ती तुम्ही आठवून त्यांना सांगायची, आणि मग ते गणित करून तुम्हाला सांगणार. तुम्ही चुकीची वर्षं भरलीत तर उत्तरही चुकीचंच येणार. आपण पाच वर्षं भरायची की बारा, हेच ज्याला माहिती नाही, त्यानं कॅल्क्युलेटर घेऊन काय करायचं?

दुसरं उत्तर असं की नियम बदलतात, पगार बदलतात, म्हणून आधी आकडा सांगितला तर लोकांची दिशाभूल होईल. जगात बाकीच्यांना ही अडचण आली नाही वाटतं. स्वीडनमध्ये १९९९ पासून दरवर्षी पेन्शनचं नारिंगी पाकीट येतं. त्यात आजवर किती जमलं आणि पुढं किती मिळण्याचा अंदाज आहे, दोन्ही असतं. जर्मनीत वयाची २७ वर्षं आणि वर्गणीची पाच वर्षं पूर्ण झाली की दरवर्षी सरकारी पेन्शन विम्याचं पत्र घरी येतं. आज थांबलात तर किती, असंच चालू राहिलं तर किती, असे आकडे त्यात असतात. "सध्याच्या नियमांप्रमाणे अंदाज" एवढी टीप खाली टाकली की काम भागतं. आपल्याकडे तर सूत्र इतकं सोपं आहे की सातवीतलं पोर करील. गुणाकार एक, भागाकार एक.

तिसरं उत्तर जरा खाजगीत दिलं जातं: "लोकांनाच इंटरेस्ट नाही हो." हे ऐकलं की डोकं फिरतं. लोकांना ज्याचा कागद मिळतो त्यात इंटरेस्ट असतो. सातबाऱ्यावर एक गुंठा कमी झाला तर तीन पिढ्या कोर्टात जाणारी माणसं आहेत ही. वीस वर्षांच्या पेन्शनमध्ये इंटरेस्ट नसेल का?

चूक कळते कधी? ५८ व्या वर्षी

वर्षाच्या वर्षाला नीट कागद मिळाला तर चूक त्याच वर्षी सापडते. मालक जाग्यावर असतो, हजेरीपत्रक असतं, टाइमकीपर ओळखीचा असतो. ५८ व्या वर्षी फॉर्म १०डी भरताना सापडलेल्या चुकीचं काय करायचं? कारखाना बंद पडलेला, ठेकेदार गायब, दप्तर पावसात भिजून गेलेलं. मग कोल्हापूरच्या पीएफ ऑफिसचे हेलपाटे. आजऱ्याहून जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, त्या दिवसाची मजुरी मोडते, आणि खिडकीवर ऐकायला मिळतं की अमुक दाखला घेऊन या.

चुका कुठं होतात, त्यातल्या नेहमीच्या सांगतो.

आधारवर एक जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, पीएफच्या दप्तरात तिसरी. नावात "बाबू"चं "बाबुराव". लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव. आपल्या काजू कारखान्यांत काम करणाऱ्या कितीतरी बायकांच्या कागदपत्रांत हा घोळ असणार, आणि त्यांनी पासबुक उघडून पाहिलेलं नसणार. त्यातही जिथं माणसं वीसच्या आत दाखवली की पीएफ कायदाच लागत नाही, तिथं पंचवीस बायका राबत असताना हजेरीवर किती नावं असतात, हा प्रश्न वेगळाच.

एमआयडीसीतल्या ठेक्यावरच्या पोरांचा प्रकार आणखी निराळा. मशीन तेच, गेट तेच, पण दोन वर्षांनी ठेकेदार बदलला की नवीन मेंबर आयडी, कधी तर यूएएनच नवा. जुनं खातं कुणी जोडून घेत नाही. चार ठेकेदारांकडची तीन-तीन वर्षं मिळून बारा होतात, पण कागदावर चार सुटे तुकडे. प्रत्येक तुकडा दहाच्या आत, म्हणून प्रत्येक वेळी १०सी भरून पैसे काढायचे. दर वेळी एक मोबाइल नाहीतर गाडीचे दोन-चार हप्ते सुटतात, आणि म्हातारपणाची पेन्शन तुकड्या-तुकड्यानं विकली जाते.

खातं जोडून घेतलं तर घाबरायचं कारण नाही. ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनचा जुना आकडा दिसत नाही, शून्य दिसतं, म्हणून लोक हबकतात. पैसे बुडालेले नसतात. पेन्शनमध्ये पैसे सरकत नाहीत, नोकरीची वर्षं सरकतात. हे तरी पासबुकावर एका ओळीत लिहायला काय जातंय?

आणि पगाराची फोड. हातात २२,०००, पण बेसिक ८,००० दाखवायचं आणि उरलेलं नाना प्रकारचे भत्ते. मालकाचा पीएफ वाचतो, तुमची पेन्शन जवळजवळ निम्म्यावर येते. सगळ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता हा पीएफसाठी बेसिकचाच भाग आहे, असं सुप्रीम कोर्टानं २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात सांगितलंय. किती ठिकाणी अंमल झाला, ते आपापल्या पगारपत्रकावर बघा.

हजार रुपयांच्या घोषणेमागं लपलेली गोष्ट

ईपीएस-९५ म्हटलं की आपल्याला आठवतात मोर्चे. किमान पेन्शन १,००० रुपये सप्टेंबर २०१४ पासून लागू झाली, आणि २०२५ सालातही ती हजारच होती. २०१३ मध्ये कोश्यारी समितीनं किमान ३,००० ची शिफारस केली होती. पेन्शनर साडेसात हजार आणि महागाई भत्ता मागताहेत. बुलढाण्याच्या साखळी उपोषणापासून दिल्लीच्या जंतरमंतरपर्यंत म्हातारी माणसं बसली. त्या मागणीला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. हजार रुपयांत आज महिन्याच्या औषधगोळ्यासुद्धा भागत नाहीत.

पण आपल्या युनियनच्या पुढाऱ्यांना एक विचारायचंय. किमान पेन्शन वाढली तरी ती मिळणार कुणाला? ज्याची दहा वर्षं कागदावर भरली त्याला. ज्याची वर्षं हरवली, ज्यानं न कळून १०सी भरला, त्याला हजारही नाहीत आणि साडेसात हजारही नाहीत. तो यादीतच नाही. पगारवाढीच्या करारासाठी गेटवर सभा घेता, तशी वर्षातून एक सभा पासबुक वाचायला घ्या की. करार तीन-चार-पाच वर्षांचा असतो, पेन्शन मरेपर्यंतची आणि मागं राहिलेल्या बायकोची असते.

आपल्या तालुक्याला तर हे नव्यानं सांगायची गरज पडू नये. आजरा, भुदरगड, गडहिंग्लज, चंदगड इथल्या किती घरांतली माणसं मुंबईच्या गिरण्यांत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढं हजारो माणसं गाठोडं बांधून गावी परतली. पेन्शन योजना आली १६ नोव्हेंबर १९९५ ला. संपात बाहेर फेकल्या गेलेल्यांना ती लागूच झाली नाही. त्यांच्यातली जी माणसं आज हयात आहेत, ती घराच्या मागणीसाठी पिशवीत जुने कागद घेऊन फिरताना आपण बघितलीत. गिरणीचं तिकीट, सर्व्हिसचा दाखला, पीएफची स्लिप. एका कागदावाचून हक्क कसा अडतो, हे या तालुक्यानं चाळीस वर्षं बघितलंय. त्यांच्या नातवंडांनी तरी आपला कागद वेळेत तपासू नये का?

मागणी काय?

मागणी मोठी नाही, खर्चाची नाही, कायदा बदलायचीही नाही.

१. दरवर्षी व्याज जमा झालं की प्रत्येक सदस्याला पेन्शनचा एक पानी हिशोब द्या. मराठीत. त्यात चार आकडे ठळक: धरलेली पेन्शनपात्र वर्षं, पेन्शनपात्र पगार, सध्याच्या नियमांप्रमाणे ५८ व्या वर्षी अंदाजे पेन्शन, आणि आपल्या माघारी जोडीदाराला किती.

२. हंगामी आस्थापनांच्या कामगारांच्या पानावर "एक हंगाम = एक वर्ष" हे छापा.

३. १०सी भरून पेन्शनचे पैसे काढायच्या आधी स्क्रीनवर दाखवा की हे पैसे काढले तर किती वर्षं पुसली जातील, आणि दहा वर्षांना किती कमी आहेत.

४. दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" म्हणून पीएफवाले जिल्ह्यात शिबिर घेतात. ते फिरतं ठेवा. वर्षातून एकदा आजऱ्यात, एकदा चंदगडात, एकदा गारगोटीत. कारखान्याच्या गेटवर घेतलंत तर आणखी बरं.

आमदारांच्या पेन्शनवर दर आठवड्याला एक पोस्ट फिरते आणि आपण ती रागारागानं पुढं ढकलतो. राग रास्त आहे. पण त्या रागातला पाव हिस्सा तरी आपल्या स्वतःच्या पासबुकासाठी खर्च करूया.

तोवर आपण काय करायचं?

सरकारची वाट बघत बसू नका. या आठवड्यात एवढं करा.

पहिलं, यूएएन चालू करून मोबाइल आणि आधार जोडून घ्या. जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शिल्लक कळते, पण तेवढ्यावर थांबू नका.

दुसरं, पोर्टलवर "सर्व्हिस हिस्ट्री" उघडा. प्रत्येक नोकरीची लागल्याची आणि सोडल्याची तारीख बघा. पीएफची वेगळी आणि पेन्शनची वेगळी असते, दोन्ही बघा. बिनपगारी दिवसांचा आकडा, म्हणजे एनसीपी दिवस, फुगवलेला दिसला तर विचारा. हंगामी कामगारांनो, दर हंगामाअखेर "नोकरी सोडली" अशी तारीख टाकलेली असेल तर कारखान्याकडून आत्ताच दुरुस्त करून घ्या.

तिसरं, जुनी खाती एका यूएएनखाली जोडा. साडेनऊ वर्षं झाली असतील तर ती दहा धरतात, हे लक्षात ठेवा. घाईनं १०सी भरून पैसे काढू नका. नोकरी सुटलीच तर त्याच फॉर्मवर पैशाऐवजी "स्कीम सर्टिफिकेट" मागता येतं. पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडली जातात.

चौथं, ई-नॉमिनेशन भरा. नोकरीत असताना माणूस गेला तर दहा वर्षांची अट नसते. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन लागू होते, दोन मुलांना २५ वर्षांपर्यंत. हे माहिती नसल्यानं कितीतरी घरांनी अर्जच केलेला नसेल. तुमच्या गल्लीत असं घर असेल तर आज संध्याकाळी जाऊन सांगा.

पाचवं, ५८ च्या आधी पेन्शन घ्यायचा मोह टाळता आला तर टाळा. पन्नाशीनंतर घेता येते, पण दर वर्षामागं ४ टक्के कापले जातात आणि ती कपात कायमची असते.

सहावं, ज्यांचा पीएफ संस्थेच्या स्वतःच्या ट्रस्टकडे आहे, त्यांनी ट्रस्टकडून वर्षाची स्लिप लेखी मागावी आणि पेन्शनची वर्षं वेगळी विचारावीत.

आणि कुणी दाद देत नसेल तर दहा रुपयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज होतो. एकच प्रश्न लिहा: "माझ्या यूएएनवर आजअखेर पेन्शनपात्र सेवा किती वर्षं आहे?" उत्तर लेखी येईल. तो कागद सातबाऱ्याबरोबर ठेवा.

एका माणसानं विचारलं तर खिडकीवरचा बाबू म्हणेल, उद्या या. एका कारखान्याच्या पाचशे कामगारांनी एकाच आठवड्यात हाच प्रश्न लेखी विचारला, तर त्यांना आकडा काढावाच लागेल. आणि पाचशे जणांचा काढता येत असेल तर सगळ्यांचा छापायला अडचण कसली?

पोस्ट पटली तर कारखान्याच्या, डेपोच्या, कंपनीच्या ग्रुपवर टाका. माझं नाव ठेवा, काढा, काही फरक पडत नाही. फक्त हंगामी कामगारांचा परिच्छेद कापू नका.